सात नंबरचा गुडघा

सात नंबरच्या खाटेवर टेलरमास्तर नव्हते, गुडघा होता. उशाच्या पाटीवर तसंच लिहिलेलं: 'उजवा गुडघा, उद्या ऑपरेशन'. "गुडघ्याला चहा द्या," सिस्टर म्हणायच्या. मास्तरांची लेकसुद्धा एकदा फोनवर "गुडघा झोपलाय" असं बोलून गेली आणि स्वतःवरच चिडली. ती बसवर कंडक्टर होती. चिडणं नोकरीतच यायचं, पण फुकट चिडायची तिला सवय नव्हती.

सकाळी दहा दहाला मास्तरांनी चादरीची कड चिमटीत धरली, शिलाईवर अंगठा फिरवला आणि म्हणाले, "वाकडी. हा गडी माझ्याकडे असता तर वर्षभर नुसती काजं करत बसला असता."

लेक हसत बाटली भरायला गेली. दहा वीसला परत आली तेव्हा मास्तरांचं तोंड उजवीकडे ओघळलं होतं आणि उजवा हात खाटेवरून लोंबत होता.

"बाबा?"

"कात... बटण... पाणी," मास्तर म्हणाले, आणि आपलंच बोलणं ऐकून घाबरले.

ती धावत काउंटरवर गेली. सिस्टरच्या डोक्यावर मोठं पोस्टर होतं: तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळतंय? मेंदूचा झटका! एक मिनिटही वाया घालवू नका! पुढे काय करायचं त्या ओळीवर ड्यूटीचा तक्ता चिकटवला होता.

"सिस्टर, तुमच्या डोक्यावर लिहिलंय ते माझ्या बापाला होतंय."

सिस्टरने वर पाहिलं नाही. "झोपेची गोळी दिली होती ना. उतरेल."

"गोळीने अर्धंच तोंड झोपतं?"

"ताई, आवाज खाली. सात नंबर गुडघ्याचा आहे. गुडघ्याच्या डॉक्टरांना विचारावं लागेल. ते ऑपरेशनमध्ये आहेत."

"मग मेंदूच्या डॉक्टरांना बोलवा!"

"त्याला गुडघ्याच्या डॉक्टरांची सही लागते."

दहा पस्तीसला एक शिकाऊ डॉक्टर आला. त्याने पाटी वाचली, गुडघा दाबला, "सूज कमी आहे, छान," म्हणाला आणि गेला. मास्तरांच्या हनुवटीवरून लाळ गळत होती. ती त्याला दिसली नसावी, कारण ती गुडघ्यावर नव्हती.

लेकीच्या डोक्यात तिडीक गेली.

"खाली इमर्जन्सीच्या दारातून आले असते तर एव्हाना मशिनीत असते," फरशी पुसणारी मावशी पुटपुटली. "रस्त्यावरच्याला पळत नेतात. वरच्याला सही लागते."

"मग यांना रस्त्यावर नेऊ."

"वेडी की काय तू!" मावशी म्हणाली, आणि चाकाची खुर्ची घेऊन आलीसुद्धा.

गेटवर वॉचमन आडवा आला. "डिस्चार्जचा कागद?"

"हवा खायला चाललोत."

"परत कधी?"

"दीड मिनिटात."

गेटबाहेर पडून त्यांनी खुर्ची वळवली आणि शेजारच्या इमर्जन्सीच्या दारातून आत घातली.

"तोंड, हात, बोलणं!" लेक ओरडली.

डॉक्टरीणबाई उठल्याच. "शेवटचे धड कधी होते?"

"दहा दहा."

"नक्की?"

"मी कंडक्टर आहे."

बाईंनी पुन्हा विचारलं नाही. स्ट्रेचर पळालं. मेंदूचा फोटो निघाला आणि अकरा वाजून बारा मिनिटांनी गुठळी विरघळवणारं इंजेक्शन शिरेत गेलं. गुडघ्याचं नावही कोणी काढलं नाही.

दुपारी सिस्टर रजिस्टर घेऊन खाली आल्या. "पेशंट न सांगता वॉर्डातून पळून गेला, असं लिहिलंय. इथे सही करा."

"पळून? त्या गुडघ्यावर?"

"नियम आहे, ताई."

"मग हेही लिहा. दहा वीसला मी तुम्हाला सांगितलं. दहा पस्तीसला तुमच्या माणसाने गुडघा दाबला. माझा बाप तुमच्याच छपराखाली लुळा पडत होता आणि तुम्ही सही शोधत होतात!"

"तसा रकाना नाही."

लेकीने पेन हिसकावलं. पट्टी न घेताच तिने पानावर वरपासून खालपर्यंत रेघ मारून नवा रकाना पाडला.

खाटेवरून आवाज आला. मास्तर त्या रेघेकडे बघत होते. उजवा हात अजून उचलत नव्हता, पण अंगठा तर्जनीला भिडला होता.

"वाक... डी," मास्तर म्हणाले.

"असू दे, बाबा," ती म्हणाली. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. नव्या रकान्यात तिने लिहायला घेतलं: दहा वीस.