खडूच्या रेघेबाहेरची बाई

मी तिसऱ्यांदा नापास झालो. हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही आणि मी लिहिलेलं नाही. निकाल खाली बोर्डावर लागलाय म्हणे. मी त्या जिन्याने जातच नाही. तर, परीक्षा अजून व्हायची आहे.

विषय मानवाकृती. समोर बसलेलं माणूस चार तासांत कोळशाने काढायचं. या वर्षी प्रश्नपत्रिकेत एक ओळ वाढली होती : ‘आकृतीतून आनंद व्यक्त व्हावा.’ याही खेपेला हा विषय राहिला तर कॉलेजातून नाव कमी होणार, आणि मग बिबवेवाडीत अब्बांच्या दुकानात सोफ्यांना रेक्झिन ताणत बसायचं, हे घरी ठरलेलं होतं. निघताना अब्बा म्हणाले, “उजैर, मी खुर्ची बनवतो, तू खुर्चीतलं माणूस बनवतोस. माझी खुर्ची आजवर कुणी नापास केली नाही, एवढंच सांगतो.” ही त्यांची शुभेच्छा होती.

मॉडेल म्हणजे प्रेमलामावशी. वय एकसष्ट, राहणार वारजे. सकाळी दोन घरचा स्वयंपाक उरकून, दोन बस बदलून येतात आणि बिनपाठीच्या स्टुलावर बसतात. ऑफिसच्या मते हे काम हलकं आहे, कारण ते बसून करायचं असतं. त्या बसल्या की आमच्या शेफाली मॅडम त्यांच्या पावलांभोवती खडूने रेघ मारतात. दर तासाला पाच मिनिटं विश्रांती. घंटा झाली की मावशींनी परत येऊन पाय बरोब्बर त्या रेघेत ठेवायचे. बावीस वर्षं त्या स्वतःच्याच पावलांत परत येतायत.

“मावशी, आज जरा आनंदी बसा,” मॅडम म्हणाल्या.

“किती वेळ?”

“चार तास.”

“चार तास? मॅडम, मी माझ्या लग्नात पण इतकी नव्हते.”

तरी त्यांनी प्रयत्न केला. हसू दहा मिनिटं टिकलं, मग एका बाजूने खाली आलं, कडी निसटलेल्या पडद्यासारखं. बाराव्या मिनिटाला मावशी डोळे उघडे ठेवून झोपल्या. ही कला त्यांना येते; अभ्यासक्रमात नाही.

शेजारी सौमित्र निवांत काढत होता. त्याने मावशींना गालावर खळी दिली आणि बत्तीस दात दिले. मावशींना वरचे दोन नाहीत.

“दोन दात कुठून आणलेस?” मी विचारलं.

“आनंदात येतात,” तो म्हणाला.

मीही हसू काढलं. दाढ दुखतेय असं दिसलं. पुसलं. परत काढलं, आता दाढ काढून झाल्यासारखं दिसलं. कागद राखाडी होत गेला. तिसऱ्यांदा परीक्षा देणाऱ्याला एक वेगळीच झोप येते, हाडांतली. ती मला येत होती.

तिसऱ्या विश्रांतीची घंटा झाली. मावशी स्टुलावरून उतरल्या, भिंतीला पाठ लावून सरळ फरशीवर बसल्या, पाय लांब केले, टाचा गार फरशीला टेकवल्या आणि म्हणाल्या, “हं.”

एवढंच. पायाची बोटं एकेक करून उलगडली. खांदे कानांपासून खाली आले. तोंड हसत नव्हतं. पाय हसत होते असं म्हटलं तर तुम्ही मला इथेच नापास कराल, म्हणून म्हणत नाही. मी फडक्याने तीन तास पुसून टाकले आणि काढायला लागलो.

घंटा झाली. मावशी उठून खडूत परत गेल्या.

“उजैर, मॉडेल इकडे आहे,” मॅडम म्हणाल्या. “भिंतीकडे काय बघतोयस?”

“आनंद तिकडे राहिलाय, मॅडम.”

मॅडमनी कपाळाला हात लावला. “मार्क स्टुलाला आहेत. तुझं तू ठरव बाबा.”

स्टुलावरची मावशी काढायला उरलेला तास पुरला असता. पण थकलेल्या हाताला खोटं काढायला जास्त कष्ट पडतात. मी भिंतीपाशी बसलेली बाई पूर्ण केली. पुढे रिकामं स्टूल काढलं, आणि त्याच्याखाली खडूची दोन रिकामी पावलं.

सुटल्यावर मावशी चपला हातात घेऊन माझ्या बोर्डापाशी आल्या. बराच वेळ बघत राहिल्या.

“पाय सुजलेले काढलेस.”

“हो.”

“मग माझेच आहेत.” त्यांनी चपला खाली ठेवून पाय सरकवले. “बावीस वर्षांत मला कुणीतरी खाली बसवलं, बघ.” आणि बस चुकेल म्हणून गेल्या.

काल सौमित्रचा फोन आला. तो पास आहे, दातांसकट. माझ्या नावापुढचा शेरा तो वाचायला लागला तेव्हा मी फोन कानापासून लांब धरला, पण त्याचा आवाज लांबवर जातो. ‘भाव उत्तम. आकृती नेमून दिलेल्या जागी आढळली नाही.’

हे मला माहीत नाही. अब्बांनी दुकानात माझ्यासाठी हातोडी वेगळी काढून ठेवलीय, तीही मी पाहिलेली नाही. आज सकाळी ऑफिसच्या खिडकीत एक अर्ज तेवढा दिला :

‘मा. प्राचार्य यांस, सविनय सादर. यापुढे मानवाकृती विषयात विश्रांतीची पाच मिनिटे परीक्षा म्हणून व उर्वरित वेळ विश्रांती म्हणून धरण्यात यावा. तसेच खडूची रेघ श्रीमती प्रेमला यांच्या पावलांमागे, त्या जेथे बसतील तेथे, नेण्यात यावी. आणि हा बदल मागील परीक्षेपासून लागू करण्यात यावा, ही नम्र विनंती.’