किटली उतरलीच नाही

मी किटली बोलतेय. मातीची, मुठीएवढी, तोटीचा टवका उडालेली. किटली कधी बोलते का, असं तोंड करून बघू नका. नसेल पटत तर नका ऐकू. मी सांगते त्यातलं किती खरं मानायची तुमची हिंमत आहे, तेच मला बघायचंय. तुम्ही आलात हरवलेली छत्री शोधायला. खिडकीतला माणूस ती बघायला आत गेलाय, आणि आबिको स्टेशनात छत्र्या काय थोड्या हरवतात? तोवर या फळीकडे जरा कान द्या.

माझं शिक्षण म्हणाल तर पोटावर रंगवलेला 'चहा', तेवढंच. कुंभाराच्या बायकोने घाईत ओढला, शेवटचा फराटा राहूनच गेला. म्हणजे तेही अर्धवट.

आम्हा किटल्यांचा जन्म एका प्रवासापुरता. फेरीवाले आमच्यात गरम चहा भरून गाडीच्या खिडकीतून विकायचे. चहा संपला की माणसं आम्हाला बाकाखाली सारायची, नाहीतर सरळ बाहेर भिरकवायची. माझ्या बहिणी रुळांच्या कडेने फुटून पडल्या. ओयामा स्टेशनात मला ज्या बाप्याने घेतलं, त्यानेही हात खिडकीबाहेर काढला होता. पण शेजारी त्याची पोरगी बसली होती, फुसाए. तिने मला खसकन ओढलं आणि स्वेटरखाली लपवलं. तळाशी थोडा चहा उरला होता, तो मी तिच्या पोटावर सांडला. पोरगी हूं की चूं करेना. तेव्हाच म्हटलं, ही आपली.

तिच्याबरोबर मी सासरी आले, इथे आबिकोला. नवरा तोकुजी, तोक्योत कचेरीत नोकरीला. रोज सकाळी जायचा, रोज रात्री त्याच रुळांवरून परत यायचा. माणूस वाईट नव्हता, पण घरात असून नसल्यासारखा. चहाला नाव ठेवलं की मी झाकण त्याच्या मांडीवर टाकायची. फुसाए म्हणायची, किटलीला राग आला. तो म्हणायचा, तुला धड धरता येत नाही. विम्याच्या एजंटाची पँट मी दोनदा भिजवली, ती मात्र फुसाएच्या सांगण्यावरून. डोळ्यानेच सांगायची ती.

तोकुजी निवृत्त झाला आणि फुसाएच्या डोक्यात वळशाचं खूळ शिरलं. आमच्या रेल्वेचा एक नियम आहे. तोक्योच्या आसपासच्या पट्ट्यात तिकीट जवळच्या वाटेचं काढायचं आणि जायचं कुठल्याही वाटेने. अट एवढीच, की कुठलंही स्टेशन दुसऱ्यांदा लागता कामा नये आणि मध्ये कुठे स्टेशनच्या फाटकाबाहेर पडायचं नाही. त्यामुळे हौशी माणसं शेजारच्या स्टेशनचं सगळ्यात स्वस्त तिकीट काढतात, अख्ख्या शहराला बाहेरून वळसा घालतात आणि संध्याकाळी त्या शेजारच्या स्टेशनात उतरतात.

तिने जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मोठं वर्तुळ काढलं. आबिकोहून निघायचं, उत्तरेकडून ओयामा, मग ताकासाकी, तिथून डोंगराच्या कडेकडेने हाचिओजी, मग शहराच्या कडेकडेने चिबा, नारिता, आणि उतरायचं हिगाशी-आबिकोला. आमच्या अलीकडचंच स्टेशन ते. रोज संध्याकाळी मला मधोमध ठेवून तिचा हाच उद्योग. कुठल्या गाडीत संडास आहे, कुठल्या फलाटावर उभ्याने खायच्या, रश्श्यातल्या शेवया मिळतात, डोंगराकडची गाडी चुकली तर पुढची कधी. कधी वर्तुळ स्वतःलाच छेदायचं, की खोडरबर घेऊन पहिल्यापासून सुरू.

तोकुजी पेपरामागून म्हणायचा, "अगं, दिवसभर गाडीत बसायचं आणि उतरायचं कुठे, तर घराच्या एक स्टेशन अलीकडे. याला काय म्हणावं?"

"अहो, तुम्ही इतकी वर्षं दिवसभर जाऊन संध्याकाळी घरीच येत होतात ना? मी काही म्हटलं का?"

पेपर जरा खाली यायचा. मग ती सांगायची, की गाडीचं एवढं काही नाही हो, मला ते शेवटचं चालणं हवंय. हिगाशी-आबिकोहून तळ्याच्या बांधाने घरापर्यंत, दोघांनी. आपण दोघं कधी कुठून चालत घरी आलोय, सांगा बरं?

तो म्हणायचा, बघू. थंडी सरू दे. मग म्हणायचा, उन्हाळा सरू दे.

ऋतू सरत राहिले. एका उन्हाळ्यात फुसाएच सरली. दवाखान्यात गेली ती परत आली नाही. मी ओट्यावर पालथी होते, तशीच राहिले. कोणी सरळ केलं नाही. तोकुजी बाटलीतला गार चहा आणून प्यायचा. घरात बोलायचा तो फक्त टीव्ही.

पानगळ लागली तेव्हा एका संध्याकाळी त्याने मला उचललं, धुतलं, चहा भरला. समोर कॅलेंडरचा तो कागद पसरला. दोन कप मांडले. दुसऱ्याला कोणी हात लावला नाही, तो निवत गेला. मी झाकण वाजवून बघितलं. त्याने नुसतं सरळ करून ठेवलं. भांडायलाही माणूस उरलं नव्हतं हो मला.

गाड्यांच्या वेळा बदलल्या होत्या, तेव्हा सगळा बेत नव्याने बसवायचा होता. पण या बाप्याला जमेना. जन्मभर जायचं ते शहराच्या पोटात आणि यायचं त्याच रुळांवरून, एवढंच ठाऊक. त्याची पेन्सिल फिरून फिरून मधल्या स्टेशनातच शिरायची. वळसा म्हणून घालता येईना. बर्फ पडेपर्यंत खोडत बसला. मी मनात म्हणायची, अरे ढेकळा, तिने बाहेरून काढलंय, तू आतून का जातोस? शेवटी एकदाचं त्याचं वर्तुळ जुळलं. फुसाएच्या रेघेवर त्याची रेघ तंतोतंत बसली.

लेकीचा, कानाएचा, फोन आला. "बाबा, एकटे दिवसभर गाडीत बसून करणार काय?"

"काही नाही. तुझ्या आईचं उतरायचं राहिलंय."

ती म्हणाली, मफलर घ्या.

निघालो. त्याने मला शेजारच्या जागेवर ठेवलं, बुडाखाली फुसाएचा रुमाल. ओयामाला मी मान वर करून बघितलं. एक फेरीवाला नाही, खिडक्यासुद्धा उघडत नाहीत. ताकासाकीच्या पुढे बाजाराच्या पिशव्या घेतलेली एक बाई आली आणि माझ्या जागेकडे बघू लागली. तोकुजीने माझ्यावर हात ठेवला. "इथे माणूस आहे," म्हणाला. बाईने माझ्याकडे पाहिलं, मला वाकून माफ करा म्हणाली आणि उभी राहिली. एरवी मी पोट धरून हसले असते. पण त्याचा हात गार पडला होता आणि तो उचलत नव्हता.

डोंगराची कड गेली, शहर कडेने निघून गेलं, चिबाला दिवे लागले. नारिताला फलाटावरच्या यंत्रातला गरम चहा घेऊन त्याने माझ्यात ओतला; तिथून डबा रिकामा होत गेला. मग हिगाशी-आबिको आल्याची हाक झाली.

तोकुजी हलेना. झोपला नव्हता, मला फसवतोय होय? पापण्या थरथरत होत्या. मला कळलं काय झालं ते. त्याचे पाय उठायचे आबिकोलाच. तिथून घराची वाट सरळ, दिव्यांची, दुकानांची. इथून मात्र तळ्याचा बांध होता, आणि तो एकट्याने चालायचा होता. तिच्यावाचून ते चालणं त्याला झेपत नव्हतं. आणि एक स्टेशन पुढे गेला असता तर निघालो तेच स्टेशन पुन्हा लागलं असतं. तिकीट बाद, वळसा बाद. फुसाएचं उतरायचं राहिलं ते राहिलंच असतं.

गाडीने ब्रेक मारला. माझ्या पोटात शेवटचा घोट होता, बराच कढत. मला तोल सांभाळता आला असता. बायांनो, बाप्यांनो, नाही सांभाळला. सगळा चहा त्याच्या मांडीवर ओतला.

"अगं ए!" म्हणून तो उडालाच. कोणाला म्हणाला, मला की तिला, ते त्यालाच ठाऊक. पँट झटकत दाराशी गेला, दार उघडायचं बटण दाबलं, फलाटावर उतरला. खाली वाकून मांडी पुसत राहिला, तोवर दार मिटलं. मग वळला आणि काचेतून मला पाहिलं. तोंड उघडलं त्याने, पण गाडी सुटली होती. फलाटावर तो एकटाच होता. डब्यात मी.

मला इथे आणून ठेवलं, त्याला थोडे दिवस झाले. एका बाजूला कवळी आहे, दुसरीकडे डाव्या हाताचा मोजा. दोघंही बोलत नाहीत. मी चुकून कोणावर सांडावं म्हटलं तर पोटात थेंब नाही. इथून काही काळाने दुसरीकडे पाठवतात म्हणे, आणि पुढे काय करतात ते कोणी सांगत नाही. एका प्रवासापुरती जन्मलेली मी, इतके दिवस मिळाले, माझी तक्रार नाही. जीव अडकलाय तो एवढ्यातच, की त्या दिवशी तो बांधाने चालत घरी गेला, की मागच्या गाडीत बसून आबिकोला आला? उतरवलं मी. चालवणं काही माझ्या हातात नव्हतं.

तुम्हाला एकच सांगते. घरात कोणी वेडगळ बेत आखत बसलं असेल ना, तर पेपर खाली ठेवा. बाकी काही...

थांबा. तुमच्या मागे कोणीतरी खाकरलं.

वळू नका, मला बघू द्या. ते खाकरणं मी ओळखते. खिडकीतला माणूस त्याला विचारतोय, आजोबा, काय हरवलंय, वर्णन सांगा. आणि त्या ढेकळाला वर्णन करता येत नाहीये. नुसती मूठ करून दाखवतोय, एवढी, म्हणे, सांडते फार. पँट तीच आहे, डागासकट. आणि बूट... जरा बाजूला व्हा. बुटांना तळ्याच्या बांधाचा चिखल आहे. त्या दिवशीचा असता तर एव्हाना वाळला असता. हा ओला आहे. म्हणजे सरळ वाट सोडून आजही तो बांधानेच वळसा घालून आलाय.

तुमची छत्री मिळाली ना? मग मध्ये काय उभे राहिलात? जा आता.