धवलारणीचा पाय

धोंडूबाईच्या डाव्या पायाला, करंगळीच्या बुडाशी, बाहेरच्या अंगाला टेंगूळ आलं होतं आणि त्यावर भिवंडीजवळच्या वळ गावात ज्याला त्याला मत होतं. कुणी म्हणे वात उतरलाय, कुणी म्हणे म्हातारपण. धोंडूबाईने स्वतः ते कुरूप ठरवलं आणि बिब्बा तापवून चटका दिला. टेंगूळ जागचं हललं नाही, वरची कातडी मात्र सोलवटून निघाली. मग अकलोलीच्या कुंडात पाय बुडवून झाला. गरम पाण्यात होता तोवर पाय लाडात यायचा आणि घरी आला की पुन्हा ठणकायला लागायचा.

ठणका लागायचा तो मांडी घातली की. आणि मांडी घालून बसणं हेच धोंडूबाईचं आयुष्य होतं, कारण ती धवलारीण होती, लग्नविधीची गाणी गाणारी. आगऱ्यांच्या लग्नात भटजी येवो न येवो, धवलारीण आल्याशिवाय हळद लागत नसे. मांडवात मांडी ठोकून ती धवले म्हणायला लागली की आधी देवांना बोलावणं जाई, मग गावदेवीला, मग घरातल्या मेलेल्या-जित्या सगळ्यांना, एकेकाचं नाव घेऊन. पूर्वी मांडव शेणाने सारवलेल्या अंगणात पडायचा, खाली चटई असायची. आता लग्नं हॉलमध्ये गेली आणि धोंडूबाईच्या पायाखाली गुळगुळीत लाद्या आल्या. मांडी घातली की पायाची बाहेरची कड त्या लादीवर दाबली जायची आणि धवल्याच्या ऐन भरात तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. पण तिने कधी सूर सोडला नाही.

तिच्या मुलाला, अनंताला, आईचं हे गाणं आताशा खुपत होतं. बापाच्या भातशेतीवर गोडाऊनं उभी राहिली आणि अनंताच्या अंगावर पांढरे कपडे आले, गळ्यात साखळी आली, पोटही यथास्थित पुढे आलं. अशा माणसाची आई लोकांच्या दारात बसून गाते आणि ओटीत नारळ-तांदूळ घेऊन घरी येते, हे त्याला बघवत नसे. पण धोंडूबाईला तोंडावर बोलायची छाती गावात कुणाची नव्हती, तर अनंताची कुठून असणार!

नात रुचिका मात्र आजीची. लहानपणी आजीच्या मांडीत बसून ती प्रत्येक मांडवात गेलेली, धवले ऐकता ऐकता तिथेच झोपलेली. "आजी, माझ्या हळदीला तूच हां," असं तिने बोबड्या बोलात सांगितलं होतं आणि धोंडूबाईने ते मनात गाठ मारून ठेवलं होतं. आता रुचिकाचं लग्न ठरलं. मुलगा भाविक, ठाण्याचा. घरचं चांगलं, माणसंही आपल्यातलीच. बाकीची लग्नं सुटली तरी चालतील, पण ही एक हळद आपल्या गळ्यातून लागावी, एवढंच धोंडूबाईला हवं होतं. म्हणून तर ती पाय दाखवायला तयार झाली.

अनंता तिला गाडीत घालून भिवंडीत हाडांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. फोटो काढला. "तू बस बाकड्यावर, मी दाखवून येतंव," म्हणून तो फोटो घेऊन एकटाच आत गेला. बाहेर आला तेव्हा तोंड एवढंसं झालेलं.

"आये, हाड वाढलंय. आता धवल्याला बसायचं न्हाय."

"रुचीच्या हळदीपुरती बसतंय."

"एकदा पण न्हाय. डॉक्टरीण बोलली, गायला बसली त हाड सडंल. मंग पाय कापायला लागंल."

गावातल्या सावळारामचा पाय साखरेच्या आजारापायी कापावा लागला होता. गुडघ्याखाली दुमडून शिवलेली त्याची विजार धोंडूबाईने रोज पाहिलेली. ती जागच्या जागी गार झाली. परत येताना गाडीत ती पदर तोंडाला लावून बसली.

घरी रुचिकाने तिला मिठी मारली. "आजी, तुझा पाय महत्त्वाचा. धवले काय, स्पीकरवर पण लावता येतात." आणि तिने आजीसाठी आणलेल्या सोनेरी चपला बाहेर काढल्या, पुढे निमुळत्या, वर टिकल्या लावलेल्या. "हळदीला ह्याच घालायच्या हां. फोटोत छान दिसतात."

चपला घट्ट होत्या. पण नातीने आणलेल्या! धोंडूबाई त्या घालून घरात फिरायला लागली, सवय व्हावी म्हणून. धवले म्हणता येणार नाहीत तर निदान फोटोत तरी पोरीच्या मनासारखं दिसू, असा तिचा हिशेब. थोड्याच दिवसांत टेंगूळ टोमॅटोसारखं लाल झालं आणि जमिनीवर पाऊल टेकवेना. तिला धडकी भरली. हळदीच्या आतच पाय कापतात की काय! घरात कुणाला न सांगता तिने शेजारच्या बकुळाला बरोबर घेतलं, रिक्षा केली आणि त्याच डॉक्टरीणबाईंसमोर जाऊन उभी राहिली. उभी कसली, दाराला धरून लोंबकळली.

"बाई, कापायचा त काप, पर लगीन झाल्याव काप."

डॉक्टरीणबाईंनी आधी तिला खुर्चीत बसवलं, मग पाय हातात घेतला. "काय कापायचं आजी?"

"पाय. हाड सडलंय ना?"

"कोण म्हणालं?" त्यांनी भिंतीवरच्या दिव्यावर फोटो लावला आणि बोट ठेवून दाखवलं. "हे करंगळीचं हाड. ह्याचं टोक बाहेर आलंय. पूर्वी हे शिंप्यांना फार व्हायचं, दिवसभर मांडी घालून शिवत बसायचे ना, म्हणून. पायाची ही कड सारखी जमिनीवर घासली की हाडावरची जागा सुजते. हे कुरूप नाही, बिब्ब्याने जाणार नाही. आणि सडतबिडत काही नाही."

"मंग बसायचं न्हाय ते?"

"मांडी घालून नाही बसायचं. खुर्चीत बसा की! आणि ह्या असल्या चपला आधी फेका. पुढून ऐसपैस असलेली मऊ चप्पल घ्या, इथे ही गादी चिकटवा, संध्याकाळी फडक्यात बर्फ गुंडाळून शेका. बहुतेकांचं एवढ्यानेच भागतं. फारच त्रास राहिला तर ऑपरेशनचं बघू. त्यातही पाय कापत नाहीत, हाडाचं टोक सरळ करतात." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "हे सगळं मी तुमच्या मुलाला सांगितलं होतं. त्यांनी मुद्दाम विचारलंही होतं, आई गाते, चालेल का म्हणून. मी म्हटलं, खुर्चीत बसून खुशाल गाऊ द्या."

बकुळाने धोंडूबाईकडे पाहिलं आणि पटकन दुसरीकडे नजर वळवली. धोंडूबाईला खरं तर आनंद व्हायला हवा होता. पाय वाचला होता. पण ज्याला न्हाऊ-माखू घातलं, ज्याच्या तापाला उशाशी बसून राहिली, त्याने आईला पाय कापायची भीती घातली होती, आणि तिने ती गपगुमान गिळली होती.

अनंता जेवत होता. ती समोर खुर्ची ओढून बसली. "मी खुर्चीत बसून गायलं त चालतंय. तुला डॉक्टरीण बोललेली."

आधी त्याने तुझ्याच भल्यासाठी असं पालुपद लावलं, मग सगळं ओकला. "आये, रिसॉर्टमधी हळद हाय. इव्हेंटवाले हायेत, डीजे हाय. ठाण्याची मानसं. तिथं तू धवले लावशील, त कसा दिसंल? मना लाज..."

"रुचीला ठावं हाय?"

"न्हाय, न्हाय. तिला काय ठावं न्हाय. तिला बोलू नको, पोर उगाच कष्टी व्हईल."

धोंडूबाई उठली. मुलाचा राग आला होता, पण एवढा तरी आधार उरला होता, की पोरगी यात नाही. तिच्या हळदीत तमाशा नको म्हणून म्हातारीने तोंडाला कुलूप घातलं. ऐसपैस चप्पल आणली, गादी चिकटवली, रोज बर्फ धरला. सूज उतरली. हळदीच्या दिवशी पाय अगदी शहाण्यासारखा वागत होता.

रिसॉर्टमध्ये सगळं पिवळं होतं. पडदे पिवळे, फुगे पिवळे, रुचिका आणि भाविक शेजारी शेजारी पिवळ्या झोपाळ्यावर. हळदीची वाटी पुढे आली, डीजेवाल्याने हात वर केला, तेवढ्यात भाविकची आजी सीताबाई काठी टेकत मधे आली.

"अगं बाया, धवला कुठं हाय? धवल्याबिगर हलद लावतान का? आनि नवरीची आजी त नामांकित धवलारीण! मी त तुझा धवला ऐकायला आलंय, बाय."

डीजेचा हात वरच राहिला. भाविकची आईही म्हणाली, "खरंच, आम्ही तर घरून सांगत आलोय सगळ्यांना." दोन्हीकडची माणसं धोंडूबाईकडे बघायला लागली. अनंताने रुमालाने मान पुसली.

धोंडूबाईचं काळीज भरून आलं. पण मुलाची अब्रू तिच्या हातात होती. ती हळूच म्हणाली, "माझा पाय दुखतंय, बाय. मना बसवत न्हाय."

आणि रुचिका झोपाळ्यावरून उठली. सासरचे बघतायत, आपली हळद अडलीय, या घाईत ती पटकन बोलून गेली. "आजी, खुर्चीत बस ना! डॉक्टर तर फक्त मांडी घालू नका म्हणाल्या होत्या, खुर्चीत गायलेलं चालतं. पप्पा, खुर्ची द्या ना आजीला!"

म्हणजे पोरीला माहीत होतं. मिठी मारली तेव्हाही माहीत होतं. सोनेरी चपला पायात घातल्या तेव्हाही. धोंडूबाईने अनंताकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. मग नातीकडे पाहिलं, तर ती हसत होती, तिला आपण काय बोललो ते कळलंही नव्हतं.

खुर्ची आली. धोंडूबाई बसली. तिच्या मनात आलं, उठावं आणि चालू लागावं. पण धवल्याला बोलावणं झालं होतं, देव आणि वाडवडील दाराशी आले असतील, त्यांना माघारी कसं पाठवायचं? तिने डोळे मिटले आणि सूर लावला. एक शब्द गाळला नाही. गावदेवीला बोलावलं, आपल्या मेलेल्या नवऱ्याला बोलावलं, अनंताचं नाव घेतलं, रुचिकाचं घेतलं. सीताबाई पदराने डोळे पुसत होती. पोरांनी मोबाईल वर धरले होते. एवढं सुरेख धोंडूबाई कित्येक वर्षांत गायली नव्हती.

हळद लागली. आता नवरीने आधी धवलारणीच्या पाया पडायचं, ही रीत. रुचिका पिवळी-पिवळी होऊन आली आणि आजीच्या पायाशी वाकली. तिचा हळदीचा हात त्या ऐसपैस चपलेपर्यंत पोचला, तेवढ्यात धोंडूबाईने डावा पाय मागे ओढून लुगड्यात घेतला.

"काय झालं आजी?"

"हात नको लावू. दुखतंय."

"अगं, पण सूज तर उतरलीय. कुठे दुखतंय?"

धोंडूबाईने तिच्याकडे नीट पाहिलं.

"तुला ठावं हाय," ती म्हणाली.

रुचिकाचा हात तिथेच राहिला, आणि तिचं हसू हळूहळू गेलं.