ब्रशच्या मुळातला रंग

"मावशी, ब्रश आहे तो, नवरदेव नाही. किती न्हाऊ घालणार?"

मधूच्या बोलण्यावर बाकीचे रंगारी हसले. जनाबाईने मधूचाच ब्रश उचलून उजेडात धरला. केस एका बाजूला फेंदारलेले होते.

"तू भिंत रंगवतोस का घासतोस? आणि दुपारी अर्धा तास फोनवर होतास. टोक वाळलंय बघ."

मधूने हातातला फोन गुपचूप खिशात घातला.

पालेगावच्या त्या टॉवरच्या साइटवर रंगारी सात आणि ब्रश धुणारी एक. प्रमोद कंत्राटदाराकडे जनाबाई अकरा वर्षं हेच करत होती. ऑइल पेंटचा ब्रश आधी टर्पेंटाइनमध्ये, मग साबणाच्या कोमट पाण्यात, मग जुन्या कंगव्याने मुळापासून टोकाकडे. झटकून, केस सरळ करून कागदात सैल गुंडाळायचा आणि दांड्याच्या भोकात तार ओवून टांगायचा. केसांवर भार देऊन डब्यात उभा ठेवलेला ब्रश तिला दिसला, की ठेवणाऱ्याला दुसऱ्या दिवशी साइटवरचा सगळ्यात भिकार ब्रश मिळे. ऑइल पेंटला ब्रश कोरडा ठणठणीत लागतो, आणि तिच्या हातचा ब्रश सकाळी ओला निघाला असं कधी झालं नव्हतं. याचा तिला गर्व होता. तो ती लपवतही नसे.

धुता धुता तिला माणसं कळत. अभिजीत घाईचा, आनंदा रंग सांडणारा. महिपतीच्या ब्रशला मात्र केसांच्या तिसऱ्या हिश्शापलीकडे रंग लागलेला नसायचा. चाळीस वर्षांचा हात होता तो. त्याचा ब्रश धुणं म्हणजे तिच्या मते बसल्या जागी विश्रांती.

पण गेले आठ दिवस त्याच ब्रशच्या मुळात, पार पत्र्याच्या पट्टीखाली रंग भरून येत होता. टोकही डब्याच्या तळाला आपटून चेपलेलं. चाळीस वर्षांचा हात असा चुकत नाही, चुकतोय तो डोळा, हे तिने ताडलं. परवा तर महिपतीने चहाचा ग्लास टेबलाच्या अलीकडे, हवेतच ठेवला होता. पोरांनी टाळ्या वाजवल्या. जनाबाईने काचा उचलल्या.

आणि उद्या हा माणूस झुल्यावर जाणार होता. दोराला टांगलेल्या फळीवर उभं राहून सातव्या मजल्याच्या ग्रिलला बाहेरून रंग द्यायचा होता.

सगळे गेल्यावर तिने त्याचा ब्रश त्याच्यापुढे धरला.

"भाऊ, डावा का उजवा?"

"काय?"

"डोळा."

महिपती ब्रशच्या मुळाकडे बघत राहिला. मग म्हणाला, डावा. दोन महिने झाले, समोर धूर धरल्यासारखं दिसतं. शेठला कळलं तर तो घरी बसवेल आणि या वयात दुसरा कुणी उभं करणार नाही. झुल्याला डोळा लागत नाही, सवय लागते, असंही वर सांगून झालं. कुणाला बोलू नका, म्हणून त्याने तिचा शब्द घेतला. तिने दिला. सांगणार नाही म्हणाली. ब्रश देईन, असं काही ती म्हणाली नव्हती.

सकाळी सगळ्यांचे ब्रश वाटून झाले. महिपतीचा तिने हातातच ठेवला.

"तुमचा ओला आहे. आज नाही मिळणार."

 अभिजीतने विचारलं, एप्रिलच्या उकाड्यात ओला कसा राहिला, घाम आला का त्याला. हसणं ऐकून प्रमोद आला. दुसरा द्या म्हणाला, तर दुसरे सगळे वाटून झालेले.

"मावशी, अकरा वर्षांत हे पहिल्यांदा. आता होत नसेल तर सांगा, मी दुसरी बाई बघतो."

"चूक झाली, शेठ," जनाबाई म्हणाली. हे तिच्या तोंडून आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

महिपती पुढे झाला. तिच्या हातातून त्याने ब्रश घेतला, कागद सोडला आणि अंगठ्याने केस मागे वाकवले. केस कोरडे होते, एकेक सुटा. त्याने तसं म्हटलं असतं, तर ती सगळ्यांदेखत खोटी पडली असती आणि तो दहा मिनिटांत वर गेला असता.

अंगठा त्याने बराच वेळ तसाच ठेवला.

"ओलाच आहे," तो म्हणाला. "झुल्यावर मधूला पाठवा, शेठ. आणि मला आज सुट्टी पाहिजे. उल्हासनगरला जाऊन डोळा दाखवतो. आल्यावर आतल्या चौकटी माझ्याकडे द्या. त्या मी जमिनीवर उभा राहून करीन, आणि या पोरांपेक्षा चांगल्या करीन."

प्रमोदने त्याच्याकडे पाहिलं, मग जनाबाईकडे. त्याने मधूला हाक मारली.

फाटकाबाहेर नव्या गटारावर दोन अरुंद लाद्या टाकल्या होत्या. पलीकडे रिक्षा उभी होती. एरवी खाली न बघता ओलांडणारा महिपती लादीपाशी थांबला. कुणाकडेही न बघता त्याने डावा हात थोडासा बाजूला काढला.

जनाबाईने साबणाचे हात पदराला पुसले आणि जाऊन त्याच्या डाव्या अंगाला उभी राहिली.