कूलरसमोरच्या चान्या

बळीरामच्या घरून वास सुटला त्या दिवशी आमच्या गल्लीतली मांजर शाकाहारी झाली. तुम्ही म्हणाल, थापा. बरं, मांजरीचं सोडा. पण वास सुटला त्या खोलीत मी स्वतः गेलो होतो.

झालं असं, बळीरामची पोरगी भावना सात महिन्यांची गरोदर. तिला डोहाळे लागले ते मेलेल्या आजीच्या हातच्या चान्यांचे. चान्या म्हणजे मटणाच्या पातळ पट्ट्या, मिठात घोळून मे महिन्याच्या उन्हात कडकडीत वाळवलेल्या. बळीराम बायकोला, मीराबाईला म्हणाला, "तू हात नको लावू वं. मायचं काम मीच करीन."

मीराबाईनं एवढंच विचारलं, "मीठ किती टाकता?"

"थोडंसंच. मले बीपी हाय ना. बाकी हे हाय." त्यानं ऑनलाइन मागवलेली, मांस टिकवायच्या पावडरीची पुडी दाखवली.

पावडर त्यानं सोनाराच्या काट्यावर मोजली, किलोला अडीच ग्रॅम, पुडीवर लिहिल्याबरहुकूम. मीठ मात्र बीपीच्या भीतीनं मोजलं. वर पट्ट्या कापल्या बोटभर जाड. आणि गच्चीवर शेहेचाळीस डिग्री ऊन असताना हा शहाणा म्हणतो, उन्हात करपतील, वारा पाहिजे! दोरी बांधून सगळं मटण टांगलं कूलरसमोर. वाळ्याच्या ओल्या, गार हवेत. तीन दिवस.

चौथ्या सकाळी त्यानं मला बोलावलं. "भाऊ, आज पोरगी येऊन राहिली. जरा चाखून सांग गा."

चाखतो कशाला! दारातच माझे डोळे चुरचुरले. पट्ट्यांवर हिरवट चकाकी. बोट लावलं तर शेंबडासारखी तार निघाली, आणि ती तुटेचना. मी अंगणापर्यंत आलो तरी बोटाला होती. खाली फरशीवर तपकिरी पाण्याचं थारोळं, त्यात माशा पोहत होत्या. पार भिवापूरहून पहिल्या बसनं आलेल्या असाव्यात, गावात एवढ्या माशा नाहीत.

"मुरलं हाय," बळीराम म्हणाला.

"मुरलं नाही बाप्पा. बकरा दुसऱ्यांदा मेला."

मीराबाई पदर नाकाला लावून ओरडली, "फेका ते! लेकराच्या जिवावर बेतीन."

"तळलं का सगळं मरते."

"जंतू मरतील. त्यायनं करून ठेवलेलं विष मरते का?"

पण चाळीस वर्षांत बळीराम कधी चुकला नव्हता. निदान तसं कबूल केलं नव्हतं. त्यानं कढई चढवली. तेलात पडताच त्या पट्ट्यांनी असा गोडसर, कुजका वास सोडला की तारेवरचा कावळा झीट येऊन पडला. मी ओकारी गिळली. दोनदा.

तेवढ्यात भावना आली. उंबऱ्यात थबकली, पांढरी पडली. मग तिनं बापाकडे पाहिलं. घामानं निथळलेला, हातात ताटली, तोंडावर लहान पोरासारखी आशा.

"मस्त दिसते, बाबा," ती म्हणाली, श्वास रोखला आणि तुकडा उचलून ओठांपर्यंत नेला.

बळीरामनं तिच्या हातावर अशी चापट मारली की बांगडी फुटली.

"नको खाऊ! सडलं हाय." आणि मग खाली बघत, "म्या सडवलं."

ते मटण आम्ही कमरेएवढ्या खड्ड्यात पुरलं. तिथं अजून गवत उगवत नाही.

दुसऱ्या दिवसापासून बळीराम नवं मटण घेऊन गच्चीवर. पट्ट्या कागदासारख्या, मीठ वजनावर आणि हात झोंबेपर्यंत, वर मलमल, हातात काठी. पट्टी वाकवली की कट्‌कन मोडायला लागली तेव्हा कुठे खाली उतरला, स्वतः निम्मा वाळून. मीराबाईनं त्या तासभर शिजवल्या. पहिला तुकडा त्यानंच खाल्ला, आणि आपल्याला काही होतं का ते पाहत बसला. दुपार झाली, संध्याकाळ झाली, भांड्यावरचा हात काढेना.

शेवटी भावना म्हणाली, "बाबा, देता का आता? का लेकरू शाळेत जायची वाट पाहून राहिले?"