एकाच बग्गीत

अमेरिकेतल्या डेलावेअर राज्याच्या दक्षिण भागात निवडणूक मतदानानं संपत नाही. दोन दिवसांनी जॉर्जटाऊनच्या चौकात ‘रिटर्न डे’ भरतो. जिंकलेला आणि हरलेला एकाच बग्गीतून मिरवतात, मग कोर्टाच्या सज्जातून मतदारसंघवार निकाल पुकारले जातात. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं त्या दिवशी गुडघ्याला गुडघा लावून बसतात. शंभर भाषणांहून ही एक रीत मोठी.

डिॲना लिंगो मात्र बग्गीत एकटीच बसली होती. विधानसभेची जागा तिनं थोडक्यात जिंकली होती, पण सहा वेळा निवडून आलेल्या हार्लन ट्रुइटनं अजून हार मानली नव्हती. मोजणीत गडबड झाली, असं त्याची माणसं गावभर सांगत होती आणि म्हातारा मूग गिळून गप्प होता. तो आला नाही, तर निम्मा मतदारसंघ तिला कधीच आपली मानणार नव्हता.

बँड वाजायला लागला, तेव्हा कुठं म्हातारा गर्दीतून लंगडत आला.

“सरक जरा. अख्खी बग्गी अडवून बसलीयेस.”

“मला वाटलं, तुम्ही येत नाही, साहेब.”

“बायको म्हणाली, घरात तोंड पाडून बसणार असशील तर स्वयंपाकही तूच कर.”

बग्गी चौकात वळली. फुकटच्या सँडविचसाठी लागलेल्या रांगेतून आरोळी आली, “चोर! मतं चोरली!” ओरडणारा लाइल होता, हार्लनचा जुना कार्यकर्ता.

हार्लन तिच्या खांद्याचा आधार घेऊन चालत्या बग्गीत उभा राहिला. गाडीवानानं घाबरून लगाम खेचला.

“लाइल! सहा वेळा ह्याच लोकांनी मतं मोजली आणि मी निवडून आलो. तेव्हा तू रस्त्यात नाचलास! आजची मोजणी खोटी, तर माझे सहाही विजय खोटे. मग मीही चोर. म्हण की माझ्या तोंडावर!”

लाइल रांगेतून एक पाऊल मागे सरला.

“मी हरलोय,” म्हाताऱ्याचा आवाज फाटला. “पण सरळ हरलोय. तेवढं तरी माझं राहू दे.”

लाइलनं टोपी काढली. त्याचं बघून मागच्यांनीही काढल्या. वर्षभर ह्या माणसाविरुद्ध आपण काय काय बोललो ते डिॲनाला आठवलं. असा माणूस तिनं पाहिला नव्हता. तिला हुंदका आवरेना.

हार्लन धपकन खाली बसला.

“डोळे पूस, पोरी,” तो पुटपुटला. “लोकांना वाटेल, तूच हरलीस.”