भट्टीचा पहारा

नवनीतने रविवारी सकाळीच सगळ्यांना ऐकवून ठेवलं होतं. दिवेलागणीपर्यंत नदीकाठी जे बांधकाम पुरं झालं नसेल ते तो पाडणार, आणि ती जागा त्याच्या किल्ल्यात घेणार.

सगळे म्हणजे गावातली ती पंधरा-वीस पोरं-पोरी, जी मोबाइलवर बांधकामाचा एक खेळ खेळायची. खेळातलं जग नवनीतच्या घरच्या कॉम्प्युटरवर चालायचं, त्यामुळे तिथली मालकी त्याची. आणि नदीकाठी अपुरं असं एकच बांधकाम होतं. ते त्याच्या चुलतबहिणीचं, भूमिकाचं.

खेळ तसा सोपा. डोंगर खोदायचा, दगडात तांबूस ठिपके दिसले की ते लोखंड समजायचं. ते भट्टीत टाकून खाली कोळसा घालायचा. वितळून कांब निघते. कांबी जोडल्या की ठोकळा होतो आणि ठोकळ्यावर ठोकळा ठेवून माणूस मनातलं काहीही उभं करू शकतो. नवनीतने किल्ला उभा केला होता. भूमिका करत होती गावच्या विठ्ठल मंदिराचा जुना सभामंडप.

खरा मंडप आता राहिलेला नाही. ओतीव लोखंडाचे खांब, वर लोखंडी वेलबुट्टीच्या कमानी, आणि कीर्तन रंगलं की टाळांचा नाद त्या लोखंडात शिरून अंगावर परत यायचा. ज्याने तिथं कीर्तन ऐकलं, त्याला सिमेंटच्या हॉलमधलं कीर्तन ऐकताना काहीतरी उपाशी राहिल्यासारखं वाटतं. देऊळ नवं बांधायचं ठरलं तेव्हा कमिटीचे अध्यक्ष धुडकूआबा, म्हणजे नवनीतचे वडील, यांनी तो मंडप उतरवून भंगारात दिला. त्यांचा सख्खा धाकटा भाऊ पितांबर, भूमिकाचा बाप, ट्रकपुढे आडवा उभा राहिला. दोघा भावांनी भर चौकात एकमेकांची कॉलर धरली. तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं बंद, आणि घरांमधल्या भिंतीत जो दरवाजा होता तो विटा लावून बुजवलेला.

पितांबरने त्याच वर्षी वीणा सोडली. त्याच्या गळ्यात वीणा असली की बुवांनासुद्धा चरण पुन्हा पुन्हा घोळवायचा हुरूप यायचा. तो माणूस आता सप्ताह बसला की शेतातल्या खोलीवर जाऊन राहायचा. भूमिका शहाद्याच्या एका शाळेत शिकवायची. संध्याकाळी घरी आली की बापाला विचारून विचारून मोबाइलवर मंडप बांधायची. कमान किती रुंद, खांबाला खाली पट्टी होती की नाही, बायांकडची बाजू कुठून सुरू व्हायची. पितांबर आधी नाही म्हणायचा. मग हळूहळू तिच्या खांद्यामागे उभा राहून सांगायला लागला. त्या मंडपाचं नाव निघालं की तो पुन्हा भाकरी निवांत खायचा. भूमिकाला मंडप पुरा करायचा होता तो एवढ्यासाठीच.

आणि नवनीतला तो पाडायचा होता, कारण पुरा झाला तर गावातलं प्रत्येक पोर रोज त्यातून ये-जा करणार आणि खरा मंडप कुणी मोडला असं विचारणार.

आता भट्टीची एक खोड होती. जवळ कुणी उभं असेल तोवरच ती पेटती राहायची. माणूस हलला की थंड. म्हणून भूमिकाने पहारे लावले, सप्ताहातल्या विणेसारखे. सप्ताहात वीणा सात दिवस भुईला टेकत नाही. एक जण गळ्यात घेऊन उभा असतो, दुसरा येतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात, मग वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. तिथं थोरला-धाकटा नाही. भूमिकाने भट्टीजवळ पाटी रोवली होती: 'जो वाकेल त्याला पहारा द्यावा. घर विचारू नये. दुसरा आल्याशिवाय जागा सोडू नये.' खेळात वाकायचं एक बटण असतं. पोरांना ते फार आवडलं. एकमेकांसमोर वाकून वाकून पहारे बदलायची.

त्या रविवारी मात्र एकही पोर फिरकलं नाही. नवनीतने प्रत्येकाला दम भरला होता, भट्टीजवळ दिसला तो माझ्या जगातून बाद. दुपारपासून भूमिका एकटी भट्टीपाशी अडकली होती. उभी राहिली तर लोखंड वितळत होतं, पण खांब चढत नव्हते. खांबांकडे गेली तर भट्टी विझणार होती, आणि दुसरा आल्याशिवाय जागा सोडू नये हा नियम तिचाच.

चारच्या सुमारास नवनीतचं पात्र काळं चिलखत घालून भट्टीसमोर आलं आणि वाकलं.

"काबर उना तू?" भूमिकाने माइकवर विचारलं.

"पहारा लेवाले उनू."

"निंघ आठून, भंगारवालाना पोऱ्या."

"पाटी वाच, मास्तरीन. घर विचारू नये. तूच लिखेल शे ना? का शाळाना पोरेसले बी असंच शिकाडस, लिखानं एक आन् करानं एक?"

"तू पहारा लीसन निंघी जाशी. भट्टी विझाडाले उना तू, माले समजत नही का?"

"ते मी देखसू. वाकनू ना मी? मंग तू बी वाक."

भूमिकाने मागे पाहिलं. पितांबर खाटेवर बसून ऐकत होता.

"दी टाक," तो म्हणाला.

"नाना, तो सोडी जाई."

"जाऊ दे सोडी. तो वाकेल शे. वाकेल मानूसले ताटकळत ठेवतस का?"

भूमिकाने दात आवळले आणि वाकायचं बटण दाबलं. नवनीत हसला. ते हसू मोबाइलमधून आलं, आणि भिंतीपलीकडूनही.

"हां, बस आते बोंबलत," तो म्हणाला. त्याचं पात्र वळलं.

तेवढ्यात पलीकडून तिसरा आवाज आला, तोही दोन्हीकडून. रेवाबाईचा, नवनीतच्या आईचा. "कोठे चालना रे?"

"माय, तू जाय. खेळ शे हाऊ."

"मी देखी ऱ्हायनू तुले केव्हानी. पाटी वाची, वाकना, पहारा लिधा. आते सोडी चालना?"

"मोबाइलमझारला पहारा शे तो, माय. खरा नही."

"वाकना तो तूच ना? का वाकाले बी दुसरा कोनी धाडेल व्हता? उभा ऱ्हाय. दुसरा येवापावत हालना, तं रातले मन्हा चुल्हापाशी येवानं नही."

रेवाबाई सप्ताहाच्या सातही दिवस एकवेळ जेवणारी बाई. तिच्यापुढे धुडकूआबांचंही चालायचं नाही. काळं चिलखत भट्टीकडे परत वळलं आणि उभं राहिलं.

भूमिकाला क्षणभर खरं वाटेना. मग ती सुटलीच. भट्टीतून कांबी काढायच्या, ठोकळे करायचे, धावत मंडपात न्यायचे, खांब चढवायचा, परत यायचं. प्रत्येक फेरीला ती नवनीतच्या नाकासमोरून लोखंड उचलत होती.

"कोळसा घाल," ती म्हणाली. "पहारावालानं काम शे ते."

"तुन्हा बापना नोकर शे का मी?"

"नही. पांडुरंगना शे. घाल."

त्याने कोळसा घातला आणि माइकवर असं काही बोलला की पलीकडे रेवाबाईने त्याच्या पाठीत धपाटा घातलेला इकडे ऐकू आला.

खांबामागून खांब चढले. उन्हं कलायला लागली. नवनीत आता विनवण्यांवर आला होता. "कोनी तरी लेवा रे पहारा. भाग्येश, ये ना भो. बाद नही करत मी तुले." भाग्येश कसला येतोय? त्यालाच सकाळी सगळ्यांत मोठा दम मिळाला होता. भूमिका आतल्या आत हसत होती. ती पहारा घ्यायला गेली नाही तर हा इथंच खिळलेला राहणार. पाडायला यायचं तर आधी सुटायला हवं, आणि सोडवणारी फक्त तीच.

एकच खांब राहिला होता.

"भूमे," पितांबर म्हणाला. "केव्हाना उभा शे तो. जाय, पहारा ले."

"एक खांब नाना. एकच. तेवढा चढाई लेस."

"वीणा गळामा शे आन् सोडवाले कोनी येत नही, असं मन्हा सामने कधी व्हयनं नही. दुश्मन व्हई तो. त्याना पाय दुखत नहीत का?"

"त्याना पाय? तो खुर्चीवर बशेल शे!"

"मंग तुन्हा मंडप बी मोबाइलमाच शे," पितांबर म्हणाला आणि तोंड फिरवून बसला.

भूमिका भट्टीपाशी गेली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, रागाचं. वाकली. नवनीतही वाकला, झटक्यात, सुटल्यासारखा. मग त्याने भट्टीत तयार झालेलं सगळं लोखंड काढून आपल्याकडे घेतलं.

"ते ठेव. शेवटला खांबनं शे ते."

"मी रखवाली करी, मन्हं शे. चाल, दिवा लागानी येळ व्हयनी."

तो मंडपात शिरला. हातात घण. भूमिका पहाऱ्यावर, तिला हलता येईना. मोबाइलवर ती लांबूनच बघत होती, ते काळं चिलखत ओळीतून चालतंय, मोकळ्या जागेपाशी थांबलंय.

"पुरं नही व्हयनं," तो सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. "देखी लेवा. एक खांब नही."

"थांब जरासा," पलीकडून रेवाबाईचा आवाज आला. यावेळी त्यात दम नव्हता. "मांगे ली जाय. हां. आते डाव्या हातले. ही बायासनी बाजू... हाई दार... नवनीत, आठे, या जागावरला खांब कोठे शे?"

"तोच नही. म्हनीसन तं पाडी ऱ्हायनू."

"मन्हा खांब शे तो."



"लगीन व्हई उनू तवयपासून मी त्यालेच टेकी बठू. तू पोटमा व्हता तवय बी. थंडगार लागे पाठले. तुन्हा बापनी इकी टाका, माले इचारं बी नही." ती थांबली. "सगळा बायासना खांब उभा शेतस आन् मन्हाच नही? ठेव तो."

"माय..."

"लोखंड शे ना तुनापाशी? ठेव."

बराच वेळ घण हवेत तसाच होता. मग ठोकळ्यावर ठोकळा पडल्याचा आवाज आला, खट, खट, अगदी छतापर्यंत.

"ऐक मास्तरीन," नवनीत कडवट आवाजात म्हणाला. "हाऊ खांब मन्ही मायना शे. तुन्हा नही. बाकीना मी आज ना उद्या पाडसूच."

"पाड ना. मंग छप्पर मन्ही मोठी मायना, तुन्ही मायना डोकावर पडी."

पलीकडे खुर्ची जोरात सरकली. दार आपटलं. धुडकूआबांचा आवाज आला, "काय गोंधळ शे हाऊ? कोना खांब? कोनी बांधा?" आणि रेवाबाईचा, त्याहून चढा, "तुमी इकडे या, तुमले दाखाडस कोना ते." भांडण भिंतीतून धो धो येत राहिलं.

भूमिका भट्टीपाशीच होती. दुसरा येईपर्यंत हलता येणार नव्हतं आणि येणारं कुणी नव्हतं.

पितांबर खाटेवरून उठला. पायातल्या चपला काढल्या. तिच्यासमोर येऊन तो वाकला आणि त्याने तिच्या पायांना हात लावला.

"नाना, काय करतस!" तिने पाय मागे ओढले.

"पहारामा बाप-लेक ऱ्हात नही. तू बी वाक. आन् दे इकडे."

ती वाकली. पितांबरने मोबाइल दोन्ही हातांत घेतला, छातीशी धरला, आणि बसला नाही. खाटेपाशी ताठ उभा राहिला. "कोळसा कोठून घालतस," त्याने विचारलं, "ते तेवढं सांगी ठेव."